नशिबाची नव्हे, गाठीची गोष्ट

परवा गावी खडपावर गरवायला गेलो होतो. आतेभावाच्या गरीला दणकट मासा लागला, तंगूस ताणला आणि... एकदम सैल! मासा गेला. ओढून बघतो तर तंगूस तुटलेला नव्हताच. दोन तंगूस जोडलेली गाठ सुटली होती. टोक कुरळं झालेलं, पण अख्खं.

आतेभाऊ म्हणाला, "नशीब नाय रे आपलं."

नशीब कसलं डोंबलाचं! गाठोड्याला मारतात ती गाठ तू तंगुसाला मारलीस. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. ही गाठ बोचक्यावर दाबून बसते म्हणून टिकते. दोन मोकळे दोर जोडायला ती नव्हेच. क्लिफर्ड ॲश्ली या माणसाने १९४४ साली गाठींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या वापराबद्दल अगदी कडक इशारा दिलाय. त्यात तंगूस गुळगुळीत आणि दोन जाडीचे. मग काय विचारता!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमचे आजोबा हीच मारायचे." मारत असतील. पण आजोबांच्या तरुणपणी दोरा सुताचा होता, खरबरीत. नायलॉन १९३५ साली प्रयोगशाळेत जन्मलं. दोरा बदलला, गाठ तीच! दुसरं उत्तर, "वर अजून दोन गाठी मारू." म्हणजे चुकीवर चूक.

खरी गाठ सोपी आहे, डबल युनी म्हणतात तिला. दोन्ही टोकं समोरासमोरून वीतभर एकमेकांवर ठेवायची. एक टोक मागे वळवून फासा करायचा आणि त्या फाशातून दोन्ही तंगुसांभोवती पाच वेढे घ्यायचे. थुंकी लावून ओढायचं. कोरडं ओढलं तर घासून तापतं आणि तंगूस कमजोर होतो. दुसऱ्या टोकाचंही तसंच. मग लांबचे दोन्ही तंगूस ओढले की गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. उरलेली टोकं कापायची. दोन मिनिटांचं काम.

या दोन मिनिटांसाठी एवढा त्रागा का? कारण तो मासा तोंडात गरी आणि मागे कितीतरी हात तंगूस घेऊन गेलाय. तो खडकात कुठेतरी अडकून मरणार. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. उद्या त्यात एखादं कासव नाहीतर बगळा गुंतेल. मासा मारून खाणं मला मान्य आहे, मीही चवीने खातो. पण आपल्या आळसापायी त्याला असं मरायला सोडायचं आणि वर "चालतंय की" म्हणायचं, हे मान्य नाही.

असो. गाठ मारलीत की पाण्यात टाकण्याआधी एकदा दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. सुटायचीच असेल तर हातात सुटू दे.