बटण मागताना काम सांगा

घर बांधायला काढलेल्या मंडळींनो, भिंतीला कटर लागायच्या आधी एक काम करा. वायरमनला घेऊन घरभर फिरा आणि कोणता दिवा कुठून कुठून लागला पाहिजे, ते बोट दाखवून सांगा. बटणाचं नाव नंतर, आधी काम. कारण या नावांचा आपल्याकडे असा घोळ आहे की दुकानदार, वायरमन आणि घरमालक तिघं एकच शब्द बोलतात आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या वस्तू असतात.

'डीपी'चंच बघा. आंबेगाव तालुक्यात कुठल्याही वाडीत 'डीपी गेली' म्हटलं की माणसं खांबावरच्या ट्रान्स्फॉर्मरकडे बघतात. घोडेगावात तहसीलचं काम उरकून कोणी विजेच्या दुकानात शिरलं आणि 'वायरमनने डीपी आणायला सांगितलीय' म्हणालं, तर त्याला मिळतं तळहातावर मावेल एवढं बटण, बहुतेकदा लाल बारीक दिवा असलेलं. हा डीपी म्हणजे डबल पोल. साधं बटण एकच तार तोडतं, हे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतं. गिझरला हेच लावा. जुन्या घरात कोणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून ठेवली असेल, तर साधं बटण बंद केल्यावरही गिझरच्या कॉइलपर्यंत फेज पोचलेली राहते. तिथे पाणी आहे, ओले हात आहेत. दोन पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरा घोळ जिन्याच्या बटणाचा. खालून लावायचं, वरून बंद करायचं, त्याला आपल्याकडे टू-वे म्हणतात. हे नाव इंग्रजांच्या वळणाचं: आलेल्या फेजला जायला दोन वाटा, म्हणून टू-वे. अमेरिकेत हेच बटण थ्री-वे आहे, कारण तिथे पाठीमागचे तीन स्क्रू मोजतात. तिसऱ्या जागेवरूनही दिवा हवा असेल तर मध्ये जे बटण लागतं, त्याला आपण इंटरमीडिएट म्हणतो आणि ते लोक फोर-वे. मोबाइलवर अमेरिकन मिस्त्रीचा व्हिडिओ बघून पोरगं मंचरला जातं, थ्री-वे मागतं आणि हात हलवत परत येतं. त्यात पोराची चूक नाही आणि दुकानदाराचीही नाही.

नाव आठवलं नाही तरी चालेल, बटण उलटं करून बघा. पुढून वन-वे आणि टू-वे जुळ्या भावांसारखे दिसतात, जुनं पियानो असो की आताचं मॉड्युलर. पाठीमागे वन-वेला दोन स्क्रू असतात, टू-वेला तीन. त्यातला एक कॉमन, उरलेले दोन त्या दोन वाटांचे. इंटरमीडिएटला चार असतात. टू-वे बटण अडीअडचणीला वन-वे म्हणून चालतं, वन-वेचं मात्र टू-वे होत नाही. मनात शंका असेल तर तीन स्क्रूवालंच घ्या.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय ते जिन्यासाठी नाही. आपल्याकडे जिन्यापेक्षा मोठी अडचण आहे घर ते गोठा या पट्ट्याची. जुन्नर वनविभागातले जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके बिबट्याचे. उसाचे फड थेट अंगणाला भिडलेले. गाय व्यायला झाली की रात्री-अपरात्री गोठ्यात जावंच लागतं. अशा वेळी अंगणातला दिवा घरातून लावून निघता आलं पाहिजे आणि गोठ्यात पोचल्यावर तो तिथूनही हाताशी असला पाहिजे. दिव्याचं बटण फक्त गोठ्यात असेल तर जाताना अंधार, फक्त घरात असेल तर कोणी अजाणता बंद केलं की परतताना अंधार. दोन टू-वे बटणांत हा प्रश्न मिटतो. दिवा गोठ्याच्या टोकाला असेल तर घरापासून तीन तारा न्याव्या लागतात: दोन बटणांमधल्या दोन वाटा आणि एक न्यूट्रल. चौथी अर्थिंगची, तीही टाकाच. केबल पाइपातून न्या आणि बटण गुरांच्या शिंगांपासून आणि धुण्याच्या पाण्यापासून उंचावर ठेवा. सेन्सरचे दिवेही मिळतात, पण ते मांजर गेलं तरी लागतात आणि नको तेव्हा विझतात. मी तरी त्यांच्या भरवशावर उसाकडेच्या अंगणात उतरणार नाही.

इथे एक पळवाट आहे, तिला फसू नका. गोठ्यात आधीच लाइन आलेली असली की तार वाचवण्यासाठी कोणी दोन्ही बटणांना दोन्हीकडचे फेज-न्यूट्रल जोडून देतो. दिवा लागतो, विझतो, सगळं झकास वाटतं. पण त्या जोडणीत दिवा विझलेला असताना कधी कधी होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज असते. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला ते दिसत नाही. काम झाल्यावर 'दिवा बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावून दाखव, मग दोन्ही बटणं पालटून पुन्हा दाखव' असं वायरमनलाच सांगा.

आणि टू-वेच्या दिव्याचं बटण बघून तो चालू की बंद ते कधीच ठरवू नका. वन-वेचं बटण आपल्याकडे खाली दाबलं की चालू, हे लहान पोरालाही पाठ असतं. टू-वेला असा नियम नाही, दुसऱ्या टोकाचं बटण कसं आहे त्यावर सगळं. बल्बला हात लावायचा तर एमसीबी खाली पाडूनच.

आकड्यांचं थोडक्यात. जुन्या बटणांवर 5 आणि 15 अँपिअर असायचं, आता 6 आणि 16 असतं. सहावालं दिव्यांना आणि पंख्यांना. दोन हजार वॅटचा गिझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला सोळावालंच हवं. कडबाकुट्टीची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट झटका घेते. तिला भिंतीवरचं दिव्याचं बटण देऊच नका, स्टार्टर द्या. बटणाचा खटकन आवाज येतो तो आतल्या स्प्रिंगचा. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने 1884 मध्ये ही युक्ती काढली, त्यामुळे कॉन्टॅक्ट झटक्यात सुटतात आणि आत ठिणगी रेंगाळत नाही. तुमच्या बोर्डावरचं एखादं बटण लिबलिबीत झालं असेल किंवा दाबताना चर्र वाजत असेल, तर ते आजच बदला.

नावात स्विच असलेली एक वस्तू मात्र काढूनच टाका. शेतपंपाचा ऑटो स्विच. थ्री-फेज रात्रीच्या पाळीला आली की झोप मोडते, म्हणून तो बसवतात, हे समजण्यासारखं आहे. पण लाइन येताच शिवारातले सगळे पंप एकाच क्षणी उचलतात आणि तो सगळा भार गावच्या डीपीवर पडतो. ती जळाली की सगळ्यांचंच पाणी बंद. महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं वारंवार सांगतं ते याचसाठी.

घराचं काम संपलं की वायरमनचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. टू-वेच्या प्रत्येक दिव्याखाली एक माणूस उभा करा. घरातलं बटण एकदा, गोठ्यातलं एकदा, पुन्हा घरातलं, पुन्हा गोठ्यातलं, असं चार वेळा दाबा. दर वेळी दिव्याची स्थिती पालटली पाहिजे. एका वेळी जरी पालटली नाही, तरी कॉमनची तार चुकीच्या स्क्रूला लागली आहे. ती त्याच्याकडून तिथल्या तिथे बदलून घ्या, आणि कोणती एमसीबी कुठली ते त्याच्याच हाताने मराठीत लिहून मीटरच्या पेटीत चिकटवून घ्या.