आगाऊ रकमेचा प्रश्न
भौगोलिक मानांकनांची नोंद करणारे देशातील एकमेव कार्यालय आमच्या चेन्नईत, गिंडीला आहे. निलगिरीतील तोडा भरतकामाला २०१३ मध्ये, तर महाराष्ट्रातील वारली चित्रकलेला २०१४ मध्ये येथूनच मानांकन मिळाले. मानांकन नक्कल रोखण्याचे साधन देते; कारागिराच्या हाती पैसा केव्हा पडावा, याविषयी ते मौन बाळगते. तोडा स्त्री पांढऱ्या कापडाचे धागे मोजून तांबड्या-काळ्या दोऱ्याने नक्षी भरते. एका शालीला कित्येक आठवडे जातात. तोवर खर्च कोणी सोसायचा? जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या तत्त्वांनुसार, हस्तकलेच्या मागणीवर कारागिराने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी लागते. सरकारी विक्रीकेंद्रांची रीत पुष्कळदा उलटी: माल ठेवा, विकला गेल्यावर पैसे न्या. सेवेत असताना आगाऊ रकमेच्या प्रस्तावांवर ‘आर्थिक जोखीम’ असा शेरा मीही मारला आहे. जोखीम त्याने टळत नव्हती. ती आम्ही सर्वांत दुबळ्या खांद्यावर सरकवत होतो. हस्तकला महामंडळांनी यासाठी फिरता निधी राखावा, आणि न विकल्या गेलेल्या मालाकडे लेखापरीक्षकांनी अपहाराच्या नजरेने पाहू नये.