नालबंद व्हायचंय? आधी किट नको, उस्ताद शोधा



मागच्या व्हिडिओत कमी भांडवलाचे धंदे सांगताना मी नालबंदीचं नाव घेतलं आणि दोन मिनिटांत विषय उरकला. ती माझी चूक. परवा नेरळकडचा एक पोरगा तो व्हिडिओ बघून थेट माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आला. त्याच्या काकांचे माथेरानला दोन घोडे आहेत. म्हणाला, "दादा, हातोडी, कानस, पकड, सगळं काढा. आणि आठ दिवसांचा एखादा कोर्स असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात धंदा सुरू."

मी सामान दिलं नाही, चहा पाजला. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी धंद्याचं बोलू, कारण धंदा खरंच चांगला आहे. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढत राहतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी जुनी नाल काढायची, वाढलेला खूर कापायचा आणि पुन्हा नाल बसवायची. म्हणजे गिऱ्हाईक एकदा जोडलं की ते परत येणारच. समजा तुमच्याकडे 60 घोडे बांधलेले आहेत आणि प्रत्येकाची पाळी सहा आठवड्यांनी येते. आठवड्याला झाले 10 घोडे. खर्च जाऊन एका घोड्यामागे 500 रुपये उरले असं धरा, तर आठवड्याचे 5,000. हा आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलाय, खरा भाव तुमच्या भागात फिरून विचारा.

गिऱ्हाईक कुठे? माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी, मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सचे तबेले, रायडिंग स्कूल, वरातीच्या घोड्या. पण एकाच गावावर विसंबू नका. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, म्हणून घोडे टिकले. तिथेही 2022 च्या डिसेंबरपासून ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. गावाकडे असाल तर बैलाला पत्री मारायला शिका. पण ते वेगळं काम आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे लागतात. बैलाला दोरखंडाने आडवा पाडावा लागतो, घोडा उभाच असतो.

आता मुद्द्यावर येतो. हे काम आठ दिवसांत येत नाही. आठ दिवसांत येतं असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला शिकवत नाहीये, फक्त सर्टिफिकेट विकतोय.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. बीबीए झाल्यावर मी सीसीटीव्ही फिटिंगचा दहा दिवसांचा कोर्स केला. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. दुसऱ्याच कामाला एका फ्लॅटच्या भिंतीत ड्रिल घातलं आणि आतली पाण्याची लाइन फोडली. हॉलभर पाणी! भरपाई दिली, वर वडिलांची बोलणी खाल्ली. भिंतीच्या आत काय आहे हे कोर्समध्ये कुणी शिकवलंच नव्हतं.

खुराचीही भिंतच असते. बाहेरचा भाग निर्जीव, त्यात खिळा गेला तर घोड्याला दुखत नाही. पण काही मिलिमीटर आत जिवंत भाग सुरू होतो. खिळा तिकडे गेला किंवा नुसता दाबून बसला, तरी घोडा लंगडतो. जखम पिकली तर दिवसच्या दिवस तो उभाच. पाईप प्लंबर जोडून देतो. इथे एका मुक्या जनावराला वेदना होतात आणि त्याच्यावर चूल पेटणाऱ्या मालकाची रोजी बंद पडते. त्या मालकाला तुमचं सर्टिफिकेट दाखवणार का?

ब्रिटनमध्ये 1975 चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल मारणं हा तिथे गुन्हा आहे, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली साधारण चार वर्षं काढावी लागतात. आपल्याकडे असं बंधन नाही. म्हणून तर जबाबदारी आपली स्वतःची जास्त.

मग शिकायचं कसं? पिढीजात काम करणारा चांगला नालबंद शोधा. पहिले काही महिने फक्त पाय धरायचा, जुनी नाल काढायची आणि घोडा चालताना बघायचा. नंतर खूर कापणं. खिळा सगळ्यात शेवटी. एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: नाल खुराच्या मापाची करायची, नालेच्या मापाला खूर तासायचा नाही. आणि खूर पिकलेला दिसला, पाय गरम लागला, तर पशुवैद्याला बोलवायचं. तिथे आपली हद्द संपते.

अजून एक, थोडं कडू वाटेल. एसी हॉलमधल्या कोर्सला आपण पंधरा हजार रुपये हसत देतो आणि उस्तादाने मात्र फुकट शिकवावं अशी अपेक्षा करतो. का? त्याच्या हातात तीस वर्षांचं ज्ञान आहे. त्याला फी द्या. नाही जमत तर वर्षभर त्याच्याकडे राबा, त्याचा हिशोब ठेवा, गिऱ्हाइकांच्या तारखा मोबाइलवर लावून द्या. तुमचं शिक्षण त्याच्या कामी येईल, त्याचं तुमच्या.

मी पण कोर्स विकतो, हे तुम्हाला माहीत आहे. हिशोब, भाव ठरवणं, गिऱ्हाईक सांभाळणं मी शिकवू शकतो. घोड्याचा पाय कसा धरायचा, ते मी शिकवू शकत नाही.

तो पोरगा थोडा नाराज होऊनच गेला. काल फोन आला, काकांच्या ओळखीच्या नालबंदाकडे रविवारपासून जातोय म्हणाला. हत्यारं मी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलीत. उस्ताद "घे आता" म्हणाला, की खरेदीच्या भावात देणार.