अभ्यासक्रम कोण बदलतो? रानडे, फुले, कर्वे आणि पुण्याच्या विद्यापीठाची एक विसरलेली बाजू

१/
विद्यापीठांचा इतिहास बहुधा इमारती, कुलगुरू आणि नामवंत विद्यार्थी यांच्याभोवती लिहिला जातो. ज्या बैठकींत ‘काय शिकवायचे’ हे ठरले, त्यांची इतिवृत्ते मात्र कपाटातच राहतात. मराठी भाषेला उच्च शिक्षणातून सुमारे चार दशके बाहेर ठेवले, ते अशाच बैठकींतील निर्णयांनी. पुण्यातील माणसांनी त्याविरुद्ध कसा झगडा दिला आणि त्यातून आज काय घ्यावे, यासंबंधी हा थ्रेड.

२/
प्रारंभ विश्रामबागवाड्यापासून. ऑक्टोबर १८२१ मध्ये कंपनी सरकारने तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. खर्च पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून होई. काय शिकवावे, किती शास्त्री नेमावेत, कोणता विषय वाढवावा, हे सारे सरकार ठरवी. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. १८६४ पासून त्याचेच नाव डेक्कन कॉलेज. इतक्या मोठ्या बदलात शिकवणाऱ्या शास्त्र्यांच्या संमतीचा प्रश्नच नव्हता.

३/
१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा साचा लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते अभ्यासक्रम नेमी, परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. म्हणजे जो वर्गात उभा राहतो तो वेगळा आणि जो पुस्तक नेमतो तो वेगळा. आजच्या संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेचे मूळ येथेच आहे.

४/
अंतिम अधिकार होता सिनेटकडे, म्हणजे आजच्या भाषेत अधिसभेकडे. तिचे सदस्य ‘फेलो’ म्हणवले जात आणि त्यांची नेमणूक सरकार करी. न्यायाधीश, सनदी अधिकारी, डॉक्टर, प्रतिष्ठित व्यापारी असे लोक त्यात असत. पैकी कित्येकांनी आयुष्यात एकही तास वर्गात शिकवलेले नव्हते.

५/
विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांत देशी भाषांना परीक्षांमध्ये स्थान होते. १८६० च्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या प्रभावाखाली धोरण पालटले. उच्च परीक्षांत इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. मराठी, गुजराती, कानडी यांना प्रवेश परीक्षेच्या उंबरठ्यावर थांबवण्यात आले. पदवीचा विद्यार्थी मराठी घरी बोले, वर्तमानपत्रात वाची. विद्यापीठात मात्र तिचा अभ्यास करू शकत नसे.

६/
याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक म्हणजे महादेव गोविंद रानडे. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत ते होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे सहाध्यायी. विद्यार्थिदशेत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिल्यामुळे ग्रँट यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती काही महिने थांबवली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे हेच रानडे विद्यापीठाचे फेलो झाले. दार आतून उघडण्याचा दीर्घ उद्योग त्यानंतर सुरू झाला.

७/
विरोधकांचे मुख्य म्हणणे असे की, देशी भाषांत उच्च परीक्षेला नेमता येईल असे वाङ्मयच नाही. रानडे यांनी या आक्षेपाला भावनेने उत्तर दिले नाही. प्रकाशित मराठी ग्रंथांचा विषयवार आढावा त्यांनी घेतला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ चे प्रसिद्ध टिपण हे या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. वरवर ते साहित्याच्या इतिहासाचे लेखन दिसते. वस्तुतः ते अभ्यासक्रमाच्या वादात मांडलेले पुराव्याचे बाड आहे.

८/
यश आले ते आयुष्याच्या अगदी अखेरीस. १९०१ च्या सुमारास एम.ए. च्या पातळीवर मराठी आणि इतर देशी भाषांना जागा मिळाली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. ज्या निर्णयाला ग्रँटच्या काळात काही बैठका पुरल्या असतील, तो अंशतः फिरवायला एका माणसाचे जवळजवळ अख्खे सार्वजनिक आयुष्य गेले. चुकीचा ठराव मंजूर करणे सोपे असते. तो मागे घेण्याची किंमत पुढच्या पिढ्या भरतात.

९/
या कथेचा सोयीस्कर अर्थ असा काढता येईल की, समित्या आणि सभा प्रगतीला अडवतात, म्हणून अधिकार एका कर्तबगार माणसाच्या हाती द्यावा. तो अर्थ चुकीचा आहे. मराठीला बाहेर काढणारा बदल एका प्रभावी, विद्वान आणि आत्मविश्वासाने भरलेल्या प्रशासकाच्या छायेतच झाला होता. दोष सभा असण्यात नव्हता. सभेत कोण बसले होते आणि त्यांना तेथे कोणी बसवले होते, यात तो होता.

१०/
ज्यांना सभेच्या दारापर्यंतही पोहोचता आले नाही, त्यांचे काय? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्याच्या जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांत मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य हे विषय असावेत, असे त्यांनी सुचवले. उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर होणारा खर्च शेतकऱ्यांच्या करातून येतो, याकडेही त्यांनी बोट दाखवले.

११/
फुले यांचे निवेदन म्हणजे अभ्यासक्रमाचा एक संपूर्ण पर्यायी आराखडाच होता. त्यावर मत देणाऱ्या कोणत्याही मंडळात शेतकरी वा शूद्रातिशूद्र समाजाचा प्रतिनिधी नव्हता. आज पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. २०१४ मध्ये ते देण्यात आले. नाव देण्याने सन्मान होतो. अभ्यास मंडळात जागा देण्याने मात्र जोतीरावांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

१२/
दुसरीकडे पुण्यातच शिक्षकांच्या सत्तेचा एक धाडसी प्रयोग चालू होता. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. संस्थेचा कारभार आजीव सदस्य, म्हणजे अल्प वेतनावर दीर्घकाळ शिकवण्याची प्रतिज्ञा केलेले शिक्षक, स्वतः चालवीत. मतभेद तीव्र होत. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला तो अशाच मतभेदांतून. तरीही संस्था मोडली नाही, कारण निर्णयाची रीत सर्वांना ठाऊक होती.

१३/
पण या शिक्षकांच्या सत्तेला एक कुंपण होते. वेतन, नेमणुका, वसतिगृह, शिस्त हे सारे त्यांच्या हाती; अभ्यासक्रम मात्र मुंबईच्या हाती. स्वतःचे महाविद्यालय उभारणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःच्या विषयाचे एक पुस्तक बदलता येत नसे. पुण्याला स्वतंत्र विद्यापीठ हवे, या पुढील मागणीचे एक बीज या अडचणीत शोधता येते.

१४/
१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात भारतीय विद्यापीठ कायदा झाला. सिनेटचा आकार आटोक्यात आला. जुन्या तीन विद्यापीठांत फेलोंची संख्या ५० ते १०० ठरली आणि त्यांपैकी २० जागा निवडणुकीसाठी ठेवण्यात आल्या. नियमांवर सरकारची पकड मात्र घट्ट झाली. फर्ग्युसनमध्ये अनेक वर्षे शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. कार्यक्षमतेच्या नावाखाली विद्यापीठे सरकारी खाते बनतील, ही त्यांची चिंता होती.

१५/
धोंडो केशव कर्वे यांनी तिसरा मार्ग निवडला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेल्या कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापले. प्रेरणा जपानच्या महिला विद्यापीठाची. माध्यम मातृभाषा, अभ्यासक्रमात गृहव्यवस्था आणि आरोग्य यांसारखे विषय. पहिल्या वर्षी महाविद्यालयात विद्यार्थिनी अवघ्या ५. कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता त्यांनी अभ्यासक्रम बदलून दाखवला.

१६/
येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सरकारी चौकट नाकारणाऱ्या कर्वे यांनी सभेची चौकट नाकारली नाही. त्यांच्या विद्यापीठालाही सिनेट होती, कुलपती म्हणून भांडारकरांसारखे विद्वान होते. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा काय, यावर त्या काळीही टीका झाली आणि ती निराधार नव्हती. कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. स्वातंत्र्याची किंमत ३५ वर्षांची प्रतीक्षा ही होती.

१७/
पुण्याचे विद्यापीठ अखेर १० फेब्रुवारी १९४८ रोजी अस्तित्वात आले. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना प्रासाद विद्यापीठाचे मुख्यालय झाला. प्रारंभी संलग्न महाविद्यालये १८ आणि विद्यार्थी ८ हजारांच्या आसपास. मुंबईचे अंतर मिटले. शिकवणारा आणि ठरवणारा यांच्यातील अंतर मिटले का, हा प्रश्न उरलाच.

१८/
आजची रीत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार चालते. अभ्यास मंडळ अभ्यासक्रमाचा मसुदा करते, तो विद्याशाखेकडे जातो आणि विद्या परिषद त्याला मान्यता देते. कागदावर ही साखळी उत्तम आहे: विषय जाणणारे आधी बोलतात, व्यापक हित पाहणारे नंतर. पण मंडळांवर काही सदस्य निवडून येतात, काही नियुक्त होतात. पूर्वी निवडून येणारे अधिष्ठाता या कायद्याने नियुक्त पूर्णवेळ अधिकारी झाले. कारभार सुटसुटीत करण्याच्या ओघात शिक्षकांच्या मताचे वजन घटले.

१९/
आणि साखळीला एक आडवाट आहे. तातडीची परिस्थिती असल्यास कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात आणि नंतर संबंधित प्राधिकरणाला कळवतात. पूर, संप, परीक्षेचा घोळ यांसाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण २०१० मध्ये मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बी.ए. च्या अभ्यासक्रमातून वर्ष चालू असताना वगळली गेली, तीही अशाच अधिकारात. कादंबरी चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी, एखादे पुस्तक ही ‘आणीबाणी’ कशी ठरते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

२०/
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अभ्यासक्रम फार वेगाने बदलत आहेत. श्रेयांक, मुख्य व गौण विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, चार वर्षांची पदवी. यांतील कित्येक बदल स्वागतार्ह असतील. प्रश्न वेगाचा आहे. जो मसुदा शेकडो महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी वर्गात उतरवायचा, तो त्यांच्या हाती सत्राच्या तोंडावर पडला, तर ते त्या बदलाचे भागीदार न होता केवळ आज्ञाधारक होतात. १८६० च्या दशकातील प्राध्यापकाची स्थिती याहून फार निराळी नव्हती.

२१/
‘चर्चेला वेळ लागतो’ हा आक्षेप खरा आहे. अभ्यास मंडळांत गटबाजी होते, जुनी टिपणे वर्षानुवर्षे चालवण्याचा आळसही असतो. विद्यार्थ्याच्या पदवीची वर्षे तीन-चारच असतात. त्याने मंडळाच्या भांडणाची किंमत का मोजावी? यावर उपाय मुदत ठरवणे हा आहे. चर्चा टाळणे हा नव्हे. मसुदा अमुक दिवसांत प्रसिद्ध व्हावा, हरकती अमुक दिवसांत याव्यात, निर्णय अमुक बैठकीत व्हावा. बांधलेल्या वेळेतील खुली चर्चा ही मनमानी घाईपेक्षा अधिक वेगवानही ठरते, कारण तिचा निर्णय पुन्हा फिरवावा लागत नाही.

२२/
म्हणून तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. एक: प्रत्येक अभ्यास मंडळाचे इतिवृत्त, विरोधी मतासह, संकेतस्थळावर असावे, माहिती अधिकार कायदा २००५ चा रोखही तोच आहे. दोन: मसुदा मंजुरीपूर्वी संलग्न महाविद्यालयांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे यावा. तीन: तातडीच्या अधिकारात पुस्तक वा विषय वगळला, तर पुढील विद्या परिषदेत कारणांसह मतदान व्हावे आणि ते नोंदले जावे.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला विरोधी मताची नोंद विशेष मोलाची वाटायला हवी. रानडे हरत होते, त्या वर्षांतही त्यांचा युक्तिवाद कागदावर उतरत होता. म्हणून पुढच्यांना तो उचलता आला. फुले यांचे निवेदन दुर्लक्षित झाले, तरी ते लेखी होते. म्हणून आज ते वाचता येते. ज्या बैठकीत सर्व ठराव ‘एकमताने मंजूर’ होतात आणि चर्चेची एक ओळही उरत नाही, तिने भावी रानड्यांच्या हातचा दस्तऐवज आधीच नष्ट केलेला असतो.

२४/
अभ्यासक्रम म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढीसाठी निवडलेली स्मृती. ती निवड चुकू शकते. १८६० च्या दशकात चुकलीच. ती दुरुस्त होण्याची वाट खुली ठेवणे हेच विद्यापीठाच्या कारभाराचे खरे काम. पुण्यातील तरुण इतिहासप्रेमींनी शनिवारवाड्याइतकीच जिज्ञासा आपल्या विषयाच्या अभ्यास मंडळाविषयी बाळगावी: त्यावर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, आणि कोणी कशाला विरोध केला.