जे सक्तीचं, ते फुकट हवं

अमरावतीत राजापेठला माझ्या घरी फायबरची लाइन आहे. तिच्यावर मी पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. पावसात ती दोन तास बंद पडली, तरी मी तक्रार क्रमांक घेऊन भांडायला बसतो. इंजिनिअरिंगला माझ्यासोबत खोलीवर राहणारा मित्र धारणी तालुक्यातला. परवा फोनवर म्हणाला, "तुह्यं नेट भितीतून येते रे, आमचं टेकडीवर जाऊन आनाव लागते." मी हसलो. मग कळलं, टेकडीवर त्याची आई जाते. ती अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजनं पोषण ट्रॅकरवर चढवायची असतात. मेळघाटात मुलाचं वजन ही साधी नोंद नसते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारनं ज्या कामासाठी इंटरनेट सक्तीचं केलं, त्या कामापुरतं तरी ते गावात फुकट मिळालंच पाहिजे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर, फोटोसह. ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाइलवर. रेशनला अंगठा ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्ये केला, तेव्हा मजुराला फक्त हात दाखवायचे होते. आता रेंजही दाखवावी लागते. रिचार्ज मारल्याशिवाय हक्क मिळत नसेल, तर तो हक्कावर लावलेला टोल आहे.

"फुकट दिलं तर पोरं रील्स बघतील," असं आमच्याच राजापेठच्या चौकात लोक म्हणतात, हातातलं रील थांबवून. बघतील की. वाचनालयात फक्त सिनेमाचं पान वाचणारे असतात, म्हणून कुणी वाचनालय बंद करत नाही. दुसरा मुद्दा स्वस्त डेटाचा. भारतात डेटा स्वस्त आहे, हे खरं. पण जिथे टॉवरच पोचत नाही, तिथे जीबीचा भाव सांगून काय उपयोग?

पैसे कुठून आणायचे? ते आपण आधीच देतोय. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी 2002 पासून वेगळा निधी उभा राहतो. सध्या या आकारणीचा दर 5 टक्के आहे. 2023 च्या कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. ती रक्कम शेवटी आपल्याच रिचार्जमधून जाते. त्यातूनच 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना मंजूर झाली. 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात.

मग अडलं कुठे? इंजिनिअर म्हणून सांगतो: केबल टाकणं हे सोपं काम, ती चालू ठेवणं अवघड. गावं एका ओळीत जोडली की रस्त्याच्या कामात जेसीबीनं एक जागा तोडली, की पुढची सगळी गावं बंद. वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली, तरी तेच. केंद्रानं ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 1.39 लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल घातली. म्हणजे दुखणं कुठे होतं, हे सरकारलाही कळलं आहे.

आपल्या जिल्ह्यात याचा धडा आधीच मिळाला होता. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना हरिसाल लागतं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून ते 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्याची जाहिरात खोटी ठरवली, सरकारनं उलट उत्तर दिलं. आठवडाभर महाराष्ट्र कुणाचा व्हिडिओ खरा, यावर भांडला. पण नेट बंद पडलं तर हरिसालच्या माणसानं तक्रार कुणाकडे करायची, हे कुणी विचारलं नाही. कंपनी कितीही भली असो, भेट म्हणून आलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही. हक्काच्या गोष्टीची करता येते. केरळनं तोच रस्ता धरला. तिथे 2023 मध्ये सुरू झालेल्या सरकारी के-फॉन जाळ्याचं उद्दिष्ट 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं आहे.

आपली मागणी त्याहून लहान आहे. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रात चालू लाइन. पंचायतीसमोरच्या पारावर सगळ्यांना मोफत वायफाय. दुरुस्तीसाठी गावातलाच एक मुलगा किंवा मुलगी, शिकवलेली आणि पगारी. आणि महिन्यात नेट किती तास बंद होतं, याचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर.

मेळघाटात पेसा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पण त्यासाठी पेसाच हवा असं नाही. येत्या ग्रामसभेत तुमच्या गावात एवढंच विचारा: पंचायतीतल्या कपाटात ठेवलेल्या त्या डब्याचा हिरवा दिवा शेवटचा कधी लागला होता? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मित्राच्या गावच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. त्याच्या आईनं प्रश्न आधीच लिहून ठेवलाय, कागदावर.