शब्दखेळाची किंमत आणि समीक्षेचे सोवळे

जे विकाऊ ते वाङ्मय नव्हे, ही आपल्या समीक्षाव्यवहारातील एक जुनी आणि क्वचितच तपासली गेलेली धारणा आहे. एखाद्या लेखकाने स्वतः रचलेला शब्दखेळ आंतरजालावर किंमत लावून विकावयास ठेवला, की ही धारणा दुहेरी बळावते. ‘खेळ’ म्हणून तो साहित्याबाहेर आणि ‘विकाऊ’ म्हणून समीक्षेबाहेर! या दोन्ही बहिष्कारांना येथे विरोध करावयाचा आहे.

शब्दखेळ म्हणजे इंग्रजीतील ‘टेक्स्ट ॲडव्हेंचर’. त्यात मूलतः चित्र नाही. पडद्यावर स्थळाचे वर्णन येते, वाचक आज्ञा टंकित करतो आणि संहिता तिला उत्तर देते. विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास रचलेल्या व १९७७मध्ये डॉन वुड्स यांनी वाढविलेल्या ‘ॲडव्हेंचर’पासून हा प्रकार रुजला. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात अशा संहितांची सैद्धान्तिक मीमांसाही केली. वाचक अर्थ घडवितो, हे सूत्र आपण आयझर आणि बार्थ यांच्याकडून घेऊन पाठ केले. मात्र वाचकाच्या शब्दाशिवाय जी संहिता पुढे सरकतच नाही, तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

हा प्रकार मराठीत आणणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. ‘किल्लीने पेटी उघड’ आणि ‘पेटी किल्लीने उघड’ या दोन्ही आज्ञा मराठीत शुद्धच. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्यावर’. म्हणजे सामान्यरूप आणि विभक्ती यांचा उलगडा यंत्राकडून करवून घ्यावा लागतो. निवेदनाचा प्रश्न तर निखळ वाङ्मयीन आहे. इंग्रजीतील द्वितीयपुरुषी निवेदकाला वाचकाचे लिंग ठाऊक नसले तरी चालते. मराठीत ‘तू आत गेलास’ की ‘गेलीस’, हे ठरविल्यावाचून पहिले पाऊल पडत नाही. ‘तुम्ही आत गेलात’ म्हणून सुटका करून घ्यावी, तर सलगी हरपते. ज्याला हा पेच दिसत नाही, त्याने शैलीविज्ञान शिकवू नये.

आता किमतीविषयी. १९७९मध्ये स्थापन झालेली इन्फोकॉम ही कंपनी असे खेळ विकूनच नावारूपाला आली. तिला गोत्यात आणण्यात ‘कॉर्नरस्टोन’ या १९८५च्या व्यावसायिक माहितीसंच-प्रणालीचा मोठा वाटा होता. १९८६मध्ये ती ॲक्टिव्हिजनकडे गेली. पुढे हौशी रचनाकारांनी हा प्रकार मुख्यतः विनामूल्य जगविला. त्यांचे ऋण मोठेच. परंतु फुकट दिलेल्या कृतीचा खर्चही कुणीतरी सोसतच असते, बहुधा लेखकाची दुसरी नोकरी. अँड्र्यू प्लॉटकिन यांना २०१०मध्ये वाचकांनी एकतीस हजारांहून अधिक डॉलर आगाऊ दिले आणि २०१४मध्ये ‘हेडियन लँड्स’ पूर्ण झाला. वाचकांनी येथे लेखकाला रचनेसाठी वेळ विकत घेऊन दिला. मध्यस्थही सगळे सारखे नसतात. ‘स्टीम’चा सर्वसाधारण वाटा तीस टक्के; २०१३मध्ये सुरू झालेल्या ‘इच डॉट आयओ’वर तो वाटा विक्रेताच ठरवितो, शून्यही ठेवू शकतो. आपल्याकडे स्वतःच्याच कवितासंग्रहासाठी पदरचे पैसे मोजणारे कवी कमी नाहीत. त्यांनी या व्यवहाराला बाजारू म्हणावे, हा विनोद आहे.

प्रस्थापिताला नकार म्हणजे किमतीला नकार, असे लघुअनियतकालिकांच्या पिढीच्या नावावर खपविले जाते. त्याच पिढीतील अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या, त्या काही गुप्त हस्तलिखित म्हणून नव्हे. छापणे, विकणे आणि वाचकापर्यंत पोहोचणे, हा वाङ्मयव्यवहारच होता.

उद्या भोकरच्या एखाद्या विद्यार्थिनीने तेलंगणाच्या सीमेलगतच्या बोलीत शब्दखेळ रचला आणि शंभर रुपये किंमत लावली, तर मराठी विभाग तिला संगणक विभागाकडे पाठवील आणि संगणक विभाग तिला परत धाडील. खरी हानी येथे आहे. ज्या कृतीचे परीक्षण होत नाही, तिचे शंभर रुपये कशासाठी मोजावेत, हे वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. मराठीला २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्याचे सोहळेही झाले. आता नियतकालिकांनी अशा कृती विकत घेऊन खेळाव्यात, त्यांच्यावर निर्भीडपणे लिहावे आणि वाईट असतील तर तसे सांगावे. प्रतिकूल परीक्षण लेखकाला सोसते. पण वाचण्यापूर्वीच दिलेला नकार ही समीक्षा नव्हे.