समोर बसलेला चेहरा

निवृत्तीनंतर चित्रकलेची वही हाती घेणारे अनेक ज्येष्ठ माझ्या परिचयाचे आहेत. चौकात राहणाऱ्यास इरशाळगड रोजच दिसतो; त्याचे सुळके रेखाटताना या मंडळींचा हात अडत नाही. मात्र घरातील माणूस समोर बसवून त्याचे व्यक्तिचित्र काढावयाचे म्हटले की तोच हात आखडतो. डोंगराचा उतार चुकला तरी डोंगर तक्रार करीत नाही, माणूस मात्र चित्र पाहून विचारतो, “हा मी आहे का?” या प्रश्नाच्या धास्तीने कित्येकजण छायाचित्रावरून चेहरे उतरवीत राहतात. ही धास्ती घालविता येते. मात्र औषधाप्रमाणे, लहान मात्रेपासून प्रारंभ करून.

व्यक्तिचित्र एकट्या चित्रकाराचे नसते, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. सावंतवाडीचे सुपुत्र, चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हाती दिवा घेऊन उभी असलेली त्यातील स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता उपळेकर. या चित्रासाठी त्या सुमारे तीन तास उभ्या राहिल्या होत्या, असे सांगितले जाते. वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या निवर्तल्या. त्या चित्रात वडिलांच्या कौशल्याइतकाच मुलीच्या धीराचा वाटा आहे. समोर बसणारी व्यक्ती आपली परीक्षक नसून सहकारी आहे, हे मनात ठसले की निम्मी भीती ओसरते.

डोळे आणि हात

ज्येष्ठांचा आत्मविश्वास पुष्कळदा चष्म्यापाशी अडतो. वाचनाचा चष्मा हातभर अंतरापर्यंतच उपयोगी पडतो. समोरची व्यक्ती पाच-सहा फुटांवर असते. त्यामुळे कागद स्पष्ट तर चेहरा धूसर, अशी ओढाताण होते आणि दोष आपल्या हाताला दिला जातो. कागद मांडीवर न ठेवता फळीवर लावून हात लांब करून पोहोचेल इतक्या अंतरावर उभा ठेवावा आणि त्या अंतरासाठी वेगळा चष्मा लागेल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे. मोतीबिंदूमुळे निळा रंग मंद व सर्व काही पिवळसर दिसू शकते. रंग वारंवार चुकत असतील तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

हात थरथरत असेल तर कोपराला आधार द्यावा, टोकदार पेन्सिलीऐवजी जाड कोळशाची कांडी वा रुंद कुंचला घ्यावा आणि मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरवावा. ताण वाढला की बहुतेक प्रकारचा कंप वाढतो; म्हणून पहिल्या बैठकीस प्रेक्षक नसावेत. कंप नव्याने सुरू झाला असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतो, परंतु औषध आपल्या मनाने बंद करू नये. पावसाळ्यात आपल्याकडे कागद ओलसर राहतो व जलरंग लवकर सुकत नाहीत. त्या दिवसांत कोळसाच बरा.

बैठकीचा क्रम

पहिल्या आठवड्यात केवळ पाच मिनिटांची रेखाटने करावीत. नाक-डोळे काढूच नयेत. मान कोठे झुकली आहे, कोणता खांदा उतरला आहे, एवढेच टिपावे. ओळखीचा माणूस दुरून, चेहरा न दिसताही आपण ओळखतो; साम्याचे मूळ तेथे असते. दुसऱ्या आठवड्यात खिडकीच्या एका बाजूने येणाऱ्या उजेडात व्यक्तीला बसवावे आणि डोळे किलकिले करून उजेड व सावली हे दोनच भाग भरावेत. त्यानंतर मोजमाप: हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने अंतरे पडताळावीत. समोरून पाहताना डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवखा मनुष्य ते हमखास वर काढतो. कोणतेही चित्र फाडू नये. प्रत्येकावर तारीख घालावी आणि दहा झाल्यावरच एकत्र पाहावीत.

बसणाऱ्याची काळजी

वीस मिनिटे बैठक आणि पाच मिनिटे विश्रांती, हे प्रमाण ठेवावे. पाठीला टेकण असावी व पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत. उठण्यापूर्वी पाऊले हलवून, क्षणभर थांबून उभे राहावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उठल्यास घेरी येऊ शकते. मधुमेह असल्यास जेवणाची वेळ टळू देऊ नये. विस्मृतीचा आजार असलेल्या व्यक्तीची संमती प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी. तिने मान फिरविली वा ती उठू लागली, तर तो नकार समजावा. तिच्या संमतीवाचून चित्र कोणाच्या मोबाइलवर धाडू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आजारी वडीलधाऱ्यांकडे आपण दिवसभर पाहतो ते गोळी घेतली का, साखर किती, पायाला सूज आहे का, एवढ्यासाठी. वीस मिनिटे केवळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे बहुधा कित्येक वर्षांत घडलेले नसते. आणि ज्यांना दिवसभर इतरांकडून घ्यावेच लागते, त्यांना त्या वेळी काही देता येते. उलट बाजूही तितकीच मोलाची: आजोबांनी चित्र काढावे आणि नातवाने मोबाइल बाजूला ठेवून समोर बसावे.

चेहऱ्याची अशी ओळख वैद्यकीयदृष्ट्याही उपयोगी पडते. ओठाचा एक कोपरा अचानक उतरलेला दिसला, बोलणे अडखळले वा एक हात लुळा पडला, तर कुंचला ठेवून घड्याळातील वेळ नोंदवावी आणि तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्यातच मोजावा लागतो.

चित्र पूर्ण झाले की ते प्रथम बसलेल्या व्यक्तीला दाखवावे. “जमले आहे का?” असे न विचारता, चित्राखाली तिचे नाव तिच्याच हाताने लिहून घ्यावे. पुढच्या बैठकीचा दिवसही तेव्हाच ठरवावा.